सीएनजी भरताना गाडीतून खाली का उतरवतात?

पुण्यात रिक्षाने फिरणाऱ्यांना हे नवीन नाही. रिक्षा सीएनजीच्या रांगेत लागते, नंबर आला की पंपावरचा मुलगा हातानेच खूण करतो, "उतरा, उतरा." पाऊस असला तर छत्री उघडून आपण दहा पावलं लांब जाऊन उभे राहतो. मोटारीत पेट्रोल भरताना मागे बसलेली माणसं निवांत बसून असतात. मग इथेच का उतरायचं?

माझ्या मावशीने मला हा प्रश्न विचारला आणि त्याला जोडून दुसराही विचारला. "रिक्षात एक टाकी असते, बसला म्हणे सात-आठ असतात. म्हणजे मी रोज बाँबवर बसून स्वारगेटला जाते का रे?" मी भोसरीत ट्रक-बसच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्यातली निम्मी गाडीखाली पाठीवर झोपून. त्या दिवशी मात्र घाईत होतो. "तसं काही नसतं गं मावशी" म्हणून वेळ मारून नेली. तिचा प्रश्न इतक्यावर संपण्यासारखा नव्हता, म्हणून आज सविस्तर लिहितो.

सुरुवात गॅसपासून करू. सीएनजी म्हणजे बहुतांशी मिथेन. अनेक सोसायट्यांच्या स्वयंपाकघरात पाइपने येतो तोच हा वायू. घरच्या शेगडीत तो अगदी हलक्या दाबाने येतो, गाडीत प्रचंड दाबाने भरलेला असतो, फरक एवढाच. लाल सिलिंडरमधला एलपीजी मात्र वेगळा. तो प्रोपेन आणि ब्युटेनचा असतो आणि थोडासा दाब दिला की त्याचं पाणी होतं. म्हणून साध्या पत्र्याच्या टाकीतही चौदा किलो आरामात मावतो. मिथेन तसा बधत नाही. आपल्या हवामानात कितीही दाबला तरी तो वायूच राहतो. त्याचा द्रव करायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. ते जमत नसेल तर एकच मार्ग उरतो, दाबत राहायचं.

किती दाबायचं? मोकळ्या हवेत एक किलो मिथेन जवळपास दीड हजार लिटर जागा व्यापतो. २०० बार दाबाला तोच एक किलो सहा लिटरच्या आसपास बसतो. २०० बार म्हणजे नेमकं काय, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. बसच्या टायरमध्ये आठ-साडेआठ बार हवा असते, तो टायर फुटला तर काय होतं हे हायवेवर ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. टाकीतला दाब त्याच्या चोवीस-पंचवीसपट. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सिमेंटची चार पोती रचली तर जेवढा भार पडेल, तेवढा भार टाकीच्या आतल्या भिंतीवर, नखाएवढ्या प्रत्येक तुकड्यावर, सतत असतो.

इतकं दाबूनही डिझेलची बरोबरी होत नाही. एक लिटर डिझेलमध्ये जेवढी ताकद असते, तेवढ्यासाठी २०० बारचा साडेचार लिटरहून जास्त सीएनजी लागतो. म्हणून बसला एका टाकीने भागत नाही. ८५ लिटरच्या आठ टाक्या धरा. पाणी भरलं तर ६८० लिटर मावेल, गॅस मावतो ११० किलोच्या आतबाहेर. पोलादी टाकीचा ढोबळ हिशेब लिटरला एक किलो लोखंड असा आहे. म्हणजे ११० किलो गॅस वागवण्यासाठी गाडी साडेसहाशे-सातशे किलो पोलाद घेऊन फिरते. दहा माणसांचं वजन, तेही तिकीट न काढणाऱ्या.

या पोलादी टाकीला टाइप-१ म्हणतात. तिच्यात कुठेही जोड नसतो, वेल्डिंगचा टिपूस नसतो. जाड नळीची टोकं लाल होईपर्यंत तापवून, फिरवत फिरवत मिटवत आणतात, कुंभार मडक्याचं तोंड आवळतो तसं. टाइप-२ मध्ये धातूच्या टाकीच्या पोटाला तंतूंचा पट्टा गुंडाळतात, टाइप-३ मध्ये आत ॲल्युमिनियम आणि बाहेरून सगळीकडे तंतू. टाइप-४ मध्ये आत प्लास्टिकचं अस्तर आणि सगळा भार कार्बनच्या तंतूंवर. टाइप-४ चं वजन पोलादाच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतं, किंमत मात्र बरीच चढी. लो-फ्लोअर बसमध्ये खाली जागा नसते, टाक्या टपावर जातात. तिथे हलकी टाकी मोलाची ठरते, कारण टपावर पोलाद रचलं की वळणावर गाडी डोलते.

मावशीच्या बाँबकडे वळतो. २०० बारसाठी बनवलेल्या पोलादी टाकीची नमुना-चाचणी घेताना ती मुद्दाम फुटेपर्यंत दाब देतात आणि ती ४५० बारच्या आत फुटता कामा नये असा दंडक आहे. आणखी एक चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. भरलेल्या टाकीखाली अक्षरशः होळी पेटवतात. टाकी फुटली तर नापास. मग पास कशी होते? टाकीच्या तोंडावरच्या व्हॉल्व्हमध्ये एक सेफ्टी बसवलेली असते. तिच्यात अशा मिश्रधातूचा बुच असतो, जो ११० अंशांच्या आसपास वितळतो. आग लागून टाकी तापली की पोलाद कमजोर व्हायच्या आधी तो बुच वितळतो आणि आतला गॅस ठरलेल्या वाटेने बाहेर पडतो. बाहेर पडलेला गॅस पेट घेऊ शकतो, ती ज्वाळा पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवते, पण टाकी शाबूत राहते. टाकीला फुटण्याची वेळच येऊ नये म्हणून तिला रिकामं होण्याची वाट दिलेली आहे. त्याच व्हॉल्व्हमध्ये आणखी एक सोय असते. पुढचा पाइप अचानक तुटला आणि गॅस भसाभसा सुटला, तर हा व्हॉल्व्ह तो प्रवाह आवळतो. शेजारी हाताने फिरवायची चावी असते ती वेगळी.

मग पंपावर का उतरवतात? कारण भरताना टाकीतला दाब वीस-तीस बारवरून काही मिनिटांत दोनशेवर चढतो. टाकीला दिवसभरात सगळ्यात जास्त ताण पडतो तो याच वेळी. नंतर गाडी जशी चालते तसा दाब उतरतच जातो. गंजलेली, आदळलेली किंवा मुदत संपलेली टाकी दगा देणार असेल तर तो बहुधा नोझल लावलेली असताना देईल. धडधाकट टाकीच्या गाडीतून उतरलात तर तुमची पाच मिनिटं जातात. पण टाकी धडधाकट आहे की नाही, हे पंपावरच्या मुलाला बाहेरून दिसत नाही. म्हणून तो सगळ्यांनाच उतरवतो, आणि बरोबर करतो.

दिसतं ते एकच, प्लेट. गॅस भरायच्या तोंडाजवळ एक छोटी प्लेट लावलेली असते. तिच्यावर गाडीचा नंबर, टाकीचा नंबर, शेवटची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी, हे सगळं असतं. आपल्याकडे दर तीन वर्षांनी टाकी गाडीवरून उतरवून तिची हायड्रो टेस्ट करावी लागते. ही तपासणी करणाऱ्या केंद्रांना मान्यता लागते ती नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेची. टेस्टमध्ये टाकीत पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून जास्त दाब देतात. पाणीच का, तर पाणी दाबलं जात नाही. टाकी फुटलीच तर पाणी सांडतं, स्फोट होत नाही. दाब दिल्यावर टाकी केसभर फुगते, दाब काढला की मूळ मापावर यायला हवी. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फुगवटा तिच्यात राहून गेला तर ती टाकी बाद. बाद टाकीला कोणी भोक पाडून, कापून निकामी करतं का, की रंग मारून ती दुसऱ्याच्या गाडीत जाते, याची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. स्वस्तात मिळाली म्हणून जुन्या बाजारातून आणलेली टाकी घेऊन एक टेंपोवाला माझ्याकडे आला होता. टाकीवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर वेगळा. मी बसवली नाही. तो रागावून गेला. आजही आला तरी बसवणार नाही.

टाकीची एवढी काळजी घेणारी माणसं पाइपकडे मात्र पाहत नाहीत, आणि माझ्या अनुभवात खरी दुखणी तिथेच निघतात. टाकीपासून इंजिनपर्यंत बोटापेक्षा बारीक, जोड नसलेला पोलादी पाइप जातो. चासीला तो ठिकठिकाणी क्लॅम्पने धरलेला असतो आणि क्लॅम्पच्या आत रबर असतं. एकदा शाळेची एक बस माझ्याकडे ब्रेकच्या आवाजासाठी आली. खाली झोपलो, टॉर्च मारली, तर एका क्लॅम्पमधलं रबर वाळून केव्हाच गळून पडलेलं. पाइप मोकळा झाला होता आणि चासीच्या धारेवर घासत होता. डोळ्यांना फक्त एक चकाकती रेघ दिसत होती. मी अंगठ्याचं नख पाइपवरून फिरवलं, नख त्या रेघेत अडकलं. म्हणजे नुसता रंग उडालेला नव्हता, धातू झिजून चर पडली होती. गळती अजिबात नव्हती, वास नव्हता, ड्रायव्हरची तक्रार नव्हती. पण आत दोनशे बार होते आणि गाडीत रोज सकाळी चाळीस मुलं. टाक्यांच्या चाव्या बंद केल्या, लाइन रिकामी केली, पाइप बदलला, सगळी रबरं नवीन घातली. त्या रबराची किंमत दोन वडापावांपेक्षा जास्त नव्हती. तेव्हापासून गाडी कशासाठीही येवो, मी पाइपवरून एकदा नख फिरवतोच.

जोडातली गळती शोधायची साधी रीत म्हणजे साबणाचा फेस. जोडावर ब्रशने फेस लावायचा आणि मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे. गळती असेल तर बुडबुडा धरतो. आणि नट आवळायचा तो लाइनमधला दाब काढूनच. दाबाखाली पाना लावणं म्हणजे हात गमावायची तयारी.

पुढचा टप्पा रेग्युलेटरचा, काही जण त्याला रिड्युसर म्हणतात. इंजिनला दोनशे बारचा गॅस नको असतो, त्याला आठ-दहा बार पुरतात. दाब उतरवायचं काम रेग्युलेटरचं. वायू एवढ्या दाबातून अचानक मोकळा झाला की प्रचंड गार पडतो, शून्याच्या पार खाली जाऊ शकतो. म्हणून रेग्युलेटरभोवती इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. डिसेंबरातल्या एका पहाटे चाकणला एक ट्रक बंद पडला होता. पोचलो तर रेग्युलेटरवर पांढरं दव गोठलेलं, फ्रीजरच्या कप्प्यासारखं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, गॅस संपला बहुतेक." गेज १४० दाखवत होतं. रेडिएटरमधलं पाणी कमी झालं होतं, ते रेग्युलेटरपर्यंत पोचतच नव्हतं, आणि गॅसमधल्या किंचित ओलाव्याचं आतल्या बारीक वाटेत बर्फ झालं होतं. पाणी भरलं, होज तपासले, रेग्युलेटरवर कोमट पाण्याचं फडकं ठेवलं, गाडी सुरू झाली. सीएनजीची गाडी थंडीत गचके देत असेल तर आधी रेडिएटरचं झाकण उघडून पाहा, अर्थात इंजिन गार असताना. त्याच वाटेवर एक फिल्टर असतो. पंपाच्या कंप्रेसरमधलं तेल थोडं थोडं गॅसबरोबर येतं आणि त्यात साठतं. ते वेळच्या वेळी काढलं नाही तर पुढे इंजिनात गॅस सोडणारे इंजेक्टर चिकटतात.

आता इंजिन. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सतरा-अठरापट दाबली की इतकी तापते की डिझेल त्यात पडताच पेटतं. मिथेन तसा पेटत नाही. डिझेल सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास आपोआप पेटतं, मिथेनला साडेपाचशेच्या जवळ जावं लागतं. म्हणून सीएनजी इंजिनात स्पार्क प्लग लागतो. दाबाचं प्रमाण उतरवून अकरा-बारापट करतात, आणि हवा मोजून घ्यायला पेट्रोल गाडीसारखा थ्रॉटल येतो. मोठ्या ट्रकचं सीएनजी इंजिन बाहेरून डिझेलचं भावंड दिसतं, पण आतून त्याची रीत पेट्रोलची. कात्रजच्या घाटात डिझेलवर हात बसलेल्या ड्रायव्हरला ते जरा उशिरा ओढल्यासारखं वाटतं ते यामुळेच. शिवाय त्याचा एक्झॉस्ट जास्त तापतो. प्लग, कॉइल आणि व्हॉल्व्हच्या बैठका यांच्याकडे लक्ष द्यावं लागतं, ऑइलही सीएनजीसाठीचंच वापरावं. "ऑइल ते ऑइल" म्हणून डिझेलचं ओतलं की त्यातली राख आत साठत जाते.

ड्रायव्हर मंडळींची सगळ्यात मोठी तक्रार भरण्याची. "पंपावर गेज २०० दाखवत होतं, हडपसरला पोचलो तर १७५. पंपवाल्याने हवा भरली." हवा भरलेली नसते. दाबाने भरताना गॅस तापतो, सायकलचा पंप मारताना तो हाताला गरम लागतो तसा. तापलेला वायू कमी मावतो आणि दाब मात्र जास्त दाखवतो. पंप दोनशेला थांबतो, टाकी नंतर निवते, काटा खाली येतो. यात पैसे बुडत नाहीत, कारण मीटर दाब मोजत नाही, वजन मोजतं. आठ किलो गेला तर आठ किलोचेच पैसे लागतात. नुकसान होतं ते मैलाचं, टाकी पूर्ण भरली नाही म्हणून लवकर परत यावं लागतं. एप्रिल-मे मध्ये हे जास्त जाणवतं.

"प्रेशर नाही" या पाटीचंही कारण सांगतो. मोठ्या पाइपलाइनवर जिथे गॅस दाबतात ते मदर स्टेशन. तिथून ट्रकवर लादलेल्या सिलिंडरच्या चळतीतून गॅस लांबच्या पंपावर जातो, तो पंप डॉटर स्टेशन. पाणी उतारानेच वाहतं, तसा गॅसही जास्त दाबाकडून कमी दाबाकडेच जातो. चळतीतला दाब उतरत आला की रांगेत मागे असलेल्यांच्या टाक्या अर्ध्याच भरतात. एखादा मोठा ट्रक मध्ये आला की तो एकटाच शंभर किलो ओढून नेतो. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या सिटी बससाठी डेपोत पंप असतो याचं मोल इथे कळतं. सिटी बस किलोला तीनेक किलोमीटर देते, ११० किलोत तिचा दिवस निघतो आणि रात्री ती डेपोतच परत येते. बेंगळुरूला जाणाऱ्या ट्रकचं तसं नाही. सव्वाआठशे किलोमीटरच्या वाटेवर त्याला दोन-तीनदा रांगेत उभं राहावं लागतं. लांबच्या ट्रकसाठी एलएनजी, म्हणजे गोठवून द्रव केलेला हाच गॅस, जास्त शहाणपणाचा वाटतो.

या सगळ्या खटाटोपातून मिळतं काय? दिल्लीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या सगळ्या बस सीएनजीवर न्यायला सांगितलं, खूप ओढाताण झाली, आणि २००२ च्या शेवटी तिथली शेवटची डिझेल सिटी बस थांबली. डिझेलच्या धुरातली काजळी सीएनजीत जवळजवळ नसते. सिग्नलला बसमागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्याच्या फुप्फुसांसाठी हा फायदा अगदी खरा आहे. कार्बन डायऑक्साइडचा फायदा मात्र लोक सांगतात तेवढा मोठा नाही. तेवढ्याच उष्णतेमागे तो एक चतुर्थांश कमी निघतो, पण ठिणगीचं इंजिन डिझेलपेक्षा थोडं जास्त इंधन खातं, त्यात बराचसा फायदा जातो. आणि न जळता सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीसपट वातावरण तापवतो. म्हणून प्रत्येक सैल जोड हा सुरक्षेचा प्रश्न आहे तसा हवेचाही.

शेवटी, वास आला तर काय करायचं ते सांगतो. मिथेनला स्वतःचा वास नाही. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, सडक्या कोबीसारखा. मिथेन हवेपेक्षा हलका, जवळपास निम्म्या वजनाचा. एलपीजी जमिनीलगत, गटारात साठतो, हा वर निघून जातो. हवेत साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच तो पेटतो, त्याहून विरळ किंवा दाट असेल तर नाही. उघड्या रस्त्यावर ही मोठी मदत आहे. म्हणून वास आला की गाडी मोकळ्या आकाशाखाली घ्यायची, पुलाखाली किंवा शेडमध्ये नाही. किल्ली बंद करायची, म्हणजे गॅसचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, आपोआप मिटतो. दारं उघडून माणसं उतरवायची आणि टाकीची हातचावी बंद करायची. बॅटरीची वायर ओढायची घाई करू नका, तिथेच ठिणगी पडते. गळती असलेली गाडी रात्री पत्र्याच्या शेडमध्ये लावली, तर गॅस वर जाऊन छताखाली बसतो आणि सकाळी कुणीतरी ट्यूबलाइटचं बटण दाबतं. आमच्या शेडच्या मोभाखाली म्हणूनच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फटी ठेवल्या आहेत. पावसाळ्यात त्यातून पाणी गळतं, खाली बादल्या ठेवाव्या लागतात. नवीन आलेला प्रत्येक पोरगा विचारतो, "साहेब, हे बुजवून टाकू का?" मी त्याला शिडीवर चढवून वरून खाली शेड दाखवतो आणि मिथेन कुठे जाऊन बसेल ते त्यालाच विचारतो.